जुनी दगडी चक्की सुरू करायची आहे: आधी इंजिन की आधी छप्पर?

महालकर (प्रश्न)

नमस्कार मंडळी. नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या गल्लीत एक बंद पडलेली पीठगिरणी आहे. मालकांना जागा विकायची नाही. मोहल्ल्याच्या मंडळाने ती दुरुस्त करून आठवड्यातून एक दिवस चालवावी, याला ते तयार आहेत. सद्यस्थिती अशी.

खोली ३० बाय १८ फूट, विटा आणि चुना, भिंत दीड फूट जाड. वर सागवानी कैच्या (छपराचे त्रिकोणी सांगाडे) आणि इंग्रजी कवेलू (मंगळुरी कौलं). पश्चिमेचा उतार दोन जागी बसला आहे. त्याच बाजूच्या भिंतीत खिडकीच्या कोपऱ्यातून वर तिरपा तडा गेलाय, करंगळी जाईल एवढा. भिंतीच्या खालच्या तीन फुटांवर कुणीतरी सिमेंटचा गिलावा चढवलेला, तो आता फुगून पोपडे धरतोय. मागच्या कोपऱ्यात पिंपळ उगवलाय.

यंत्रांत एक सिलिंडरचं लिस्टर पद्धतीचं डिझेल इंजिन आहे: ६ अश्वशक्ती, पाटीवर मिनिटाला ६५० फेरे लिहिलेत, सध्या जाम. वर २ इंची लाईन शाफ्ट (इंजिनाचा जोर पट्ट्यांनी चक्कीपर्यंत नेणारा फिरता दांडा), तीन बेअरिंगांवर, बेअरिंग बॅबिटची (ओतीव मऊ मिश्रधातूची). चक्की आडवी, २४ इंची, काळ्या दगडाची, वरचा दगड, म्हणजे पाळू, फिरणारा. चामडी पट्टे कुजले. हॉपर (दाणे ओतायची पेटी) लाकडी, बरा आहे.

वर्गणी दीड लाखापर्यंत आली. आता मंडळात दोन तट पडलेत. पोरं म्हणतात इंजिन आधी सुरू करा, त्याची धडधड ऐकली की पैसा आपोआप येईल. ज्येष्ठ म्हणतात छप्पर. पावसाळा संपत आलाय, दसऱ्यापासून हात घालायचा आहे. कामाचा क्रम काय धरावा, कुठे फसतं, आणि मोहल्ल्यातल्या लोकांना नेमकं कोणतं काम देता येईल? जाणकारांनी सविस्तर लिहावं.

चुनाघाणी

ज्येष्ठ बरोबर आहेत, पण छप्परसुद्धा दुसऱ्या क्रमांकावर. पहिलं काम पाणी. पन्हळ, गल्लीची नाली आणि भिंतीलगतची जमीन, या तीन गोष्टी आधी बघा. महालाच्या गल्ल्यांत रस्त्यावर थरावर थर चढत गेल्याने जुन्या घरांची जोती रस्त्याखाली गेलेली असतात. जोत्यापेक्षा रस्ता उंच असेल तर वर कितीही चुना लावा, भिंत ओलीच राहणार. भिंतीलगत दोन-अडीच फूट रुंदीची पट्टी बाहेरच्या बाजूला उतार देऊन करा. उतार फुटाला पाव इंच पुरतो. त्यापलीकडे नाली.

तड्याला लगेच हात लावू नका. खाली काळी माती असेल तर ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, भिंत तिच्याबरोबर हलते. तड्यावर दोन जागी काचेची पातळ पट्टी चुन्यात बसवा, शेजारी तारीख लिहा. काच फुटली तर हालचाल सुरू आहे. फुटली नाही तर तो जुना, थांबलेला तडा. शिवाय दोन्ही बाजूंना एकेक खिळा ठोकून त्यांतलं अंतर दर पंधरवड्याला मोजा. उन्हाळ्यात रुंद होऊन पावसाळ्यात मिटत असेल तर दोष मातीचा, आणि उपाय नालीचा. रुंदावतच चालला असेल तर रचना अभियंता बोलवा, तिथे आमच्यासारख्यांचं मत घेऊ नका. थांबलेला तडा असेल तर दोन्ही बाजूंच्या तुटलेल्या विटा काढून नव्या विटा सांधेमोड साधून चुन्यात बसवा. नुसता मसाला कोंबला तर पुढच्या वर्षी तोच तडा हातभर बाजूला दिसतो.

सिमेंटचा गिलावा पूर्ण काढा. जुनी वीट पाणी शोषते आणि पृष्ठभागावरून ते सोडते. वर सिमेंट चढलं की ती वाट बंद, पाणी भिंतीत वर चढतं, क्षार विटेच्या तोंडाशी साठतात आणि विटेचं तोंड झडतं. फुगलेलं दिसतंय ते हेच. काढताना हातोडी-छिन्नीच वापरा, ब्रेकर लावला तर विटेची पाठही जाईल. काढल्यावर लगेच नवा गिलावा करू नका. भिंत एक हिवाळा उघडी वाळू द्या, क्षार कोरड्या ब्रशने झाडून काढा. पाण्याने धुतले तर पुन्हा आत जातात.

चुना आत्ताच भिजवायला टाका, कारण तो मुरायला वेळ लागतो. कळीचा (न विझवलेला) चुना आणा, हौदात आधी पाणी घ्या आणि पाण्यात चुना टाका. उलट केलं तर उकळून अंगावर उडतो. डोळ्यांवर चष्मा हवाच. प्लॅस्टिकची बादली वितळते, विटांचा हौद किंवा लोखंडी टाकी घ्या. चाळून किमान तीन आठवडे, जमल्यास दोन महिने पाण्याखाली ठेवा. नंतर मुरलेला चुना एक भाग आणि कन्हान नदीची धुतलेली, चाळलेली वाळू तीन भाग. ओल राहणाऱ्या खालच्या भागात चुना एक, सुरखी एक, वाळू दोन. सुरखी म्हणजे कमी भाजलेल्या विटेची बारीक भुकटी. सिमेंट मिसळलेल्या भिंतींच्या मलब्याची नव्हे. गूळ, बेलफळ, मेथी यांच्या पाण्याबद्दल जो तो आपली कृती सांगेल. घालायचं तर मापात घाला आणि सगळीकडे सारखं घाला. पण चुना नीट मुरलेला आणि मसाला नीट मळलेला असेल तर त्यांच्याविना अडत नाही.

हिशोबासाठी: १०० चौरस फूट गिलावा, १२ मिलिमीटर थर, वाया जाणारं धरून साधारण साडेचार घनफूट वाळू आणि दीड घनफूट मुरलेला चुना. एका थरात यापेक्षा जाड नको, नाहीतर वाळताना चिरतो. दर्जा (विटांमधले सांधे) भरताना जुना सैल मसाला २०-२५ मिलिमीटर खोल कोरून काढा, भिंत ओली करा, मग भरा. त्यानंतर आठ-दहा दिवस पोत्याचा आडोसा आणि पाण्याचा हलका फवारा. हे काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीतच. मार्चनंतर आपल्याकडचं ऊन मसाल्यातलं पाणी एका दुपारीत ओढून नेतं, चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन घट्ट व्हायच्या आधीच कोरडा पडतो आणि बोटाने पीठ झडावं तसा झडतो. मग सगळे चुन्याला शिव्या देतात.

पिंपळ ओढून काढायचा मोह आवरा. मूळ विटांमधून फिरलेलं असतं, ओढलं की कोपरा घेऊन येतं. बुंधा कापा, ताज्या कापलेल्या भागावर मूळ मारणारं औषध लावा, पूर्ण वाळू द्या, मग तेवढ्या विटा सोडवून मूळ काढा आणि कोपरा पुन्हा बांधा.

आता छप्पर. ३० बाय १८ ची खोली, चहूबाजूंनी दीड फूट पाखा (भिंतीबाहेर येणारं छप्पर) धरला तर ३३ बाय २१. उतार ३० अंशांचा असेल तर कवेलूखाली येणारं क्षेत्र सुमारे ८०० चौरस फूट, म्हणजे ७४ चौरस मीटर. इंग्रजी कवेलू चौरस मीटरला साधारण १५ लागतात, म्हणजे ११०० च्या वर, फूटतूट धरून १२५०. मगरीची (छपराच्या माथ्यावरची) कवेलू ३०-३५. नवी कवेलू घ्यायच्या आधी जुनी उतरवून एकेक बोटाच्या पेराने वाजवा: खणखणीत वाजलं ते ठेवा, बद्द वाजलं ते चिरलेलं. चांगली जुनी सगळी रस्त्याकडच्या उतारावर लावा, नवी मागच्या उतारावर. दोन साच्यांची कवेलू एका रांगेत मिसळू नका, खाचा जुळत नाहीत आणि पाणी तिथूनच आत येतं. रिपांमधलं अंतर साधारण ३२ सेंटिमीटर येतं, पण पुस्तकातलं घेऊ नका, हातातलं कवेलू ठेवून मोजा.

उतरवताना दोन्ही उतारांवरची कवेलू सारखीच उतरवा. ८०० चौरस फुटांवर तीन टनांच्या आसपास ओझं असतं. एक बाजू मोकळी केली की कैची दुसरीकडे कलते आणि भिंतीचा माथा ढकलते. हे बहुतेकांना छप्पर कलल्यावरच कळतं. कैचीचे पाय भिंतीत जिथे बसतात तिथे पेचकस टोचून बघा, सागवान असला तरी तिथेच कुजतो. सहज आत जाईल तेवढा भाग कापून काढा, घट्ट लाकडापर्यंत. तेवढाच नवा सागवान निमूळ कलम देऊन बोल्टने जोडा. सहा इंची खांडाला दीड-दोन फुटांचं कलम आणि १२ मिलिमीटरचे चार बोल्ट ही सुरुवातीची कल्पना, शेवटचं माप अभियंता देईल. नवं लाकूड वाळलेलं घ्या. बल्लारशाच्या डेपोतून आलेलं असलं म्हणून वाळलेलं असतंच असं नाही. पायाची टोकं चुन्यात गच्च बुजवू नका, बोटभर हवा राहू द्या.

आणि एक. छपराचे सगळे पैसे बँकेत आल्याशिवाय एकही कवेलू उतरवू नका. अर्धं उघडं छप्पर मृगात सापडलं तर मूळ दुरुस्तीच्या दुप्पट काम वाढतं.

पट्टा-कप्पी

इंजिनाबद्दल पोरांचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही, पण त्यांनी आधी हँडल मारायचं सोडून द्या. मारून राहिले असतील तर आजच थांबवा. जाम इंजिनाला हँडलने जोर दिला की एक तर रिंगा तुटतात, नाहीतर मनगट.

आधी तळाचं तेल काढा. खाली पाणी बसलंय का बघा. चुंबकाला न चिकटणारी चंदेरी कपची निघाली तर बेअरिंगची धातू झडली. मग हेड (सिलिंडरचं झाकण) उतरवा. सिलिंडरमध्ये डिझेल आणि ऑटोमॅटिक गिअरचं (एटीएफ) तेल निम्मं-निम्मं ओतून आठ-दहा दिवस राहू द्या, रोज थोडी भर घाला. नंतर फ्लायव्हीलच्या आऱ्यात चार फुटी लाकडी दांडा घालून मागेपुढे हलवा, नुसतं पुढेच नाही. केसभर हललं की पुन्हा तेल, पुन्हा एक दिवस. पिस्टनवर ठोकायचंच झालं तर सिलिंडरला बसेल असा गोल लाकडी ठोकळा ठेवूनच.

सुटल्यावर बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) मोजा. या जातीच्या ६ अश्वशक्तीच्या इंजिनाचा मूळ बोअर साडेचार इंच, म्हणजे ११४.३ मिलिमीटर, आणि स्ट्रोक (पिस्टनची धाव) साडेपाच इंच. वर, मध्ये, खाली आणि प्रत्येक ठिकाणी दोन दिशांना, असं सहा वेळा मोजा. वरच्या टोकाला पाव मिलिमीटरपेक्षा जास्त झीज असेल तर नवा लायनर किंवा मोठा पिस्टन. राजकोटकडे या इंजिनांचे सुटे भाग अजून तयार होतात, त्यामुळे जुन्या भंगारातले वापरलेले भाग घ्यायची गरज नाही. व्हॉल्व्ह घासून बसवा, वर रॉकेल ओता, दहा मिनिटं गळलं नाही तर बसले. नोझल पंपावर तपासून घ्या: फवारा धुक्यासारखा हवा, धार नको आणि शेवटी थेंबही नको. डिझेलची जुनी टाकी धुवून वाचवण्यापेक्षा फिल्टरसकट नवी बसवा.

इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्यासाठी २०० लिटरचा ड्रम. पंप लागत नाही, गरम पाणी आपसूक वर चढतं. अट दोनच: हेडकडून निघणारा वरचा पाईप ड्रमपर्यंत चढताच हवा, मध्ये कुठे वाकून खाली आला तर वाफ अडकते. आणि ड्रममधली पाण्याची पातळी त्या पाईपच्या तोंडाच्या वर हवी. इंजिन तापतंय म्हणून जे हेड उघडतात त्यांनी आधी पातळी बघावी.

फ्लायव्हील हा यातला सगळ्यांत धोक्याचा भाग. चावीच्या घरापाशी चीर आहे का ते चिरेत शिरणारा रंग लावून तपासा (वर्कशॉपमध्ये डाय टेस्ट म्हणतात). चावी सैल असेल तर फेऱ्याला एक ठोका ऐकू येतो, आणि लोक तो बेअरिंगचा समजतात. चीर असलेलं फ्लायव्हील वेल्ड करून चालवायचं नाही. ते प्रदर्शनात ठेवा, फिरवू नका.

पहिल्यांदा सुरू करताना दोघं जण: एक डिझेलच्या दांड्यावर, एक हवेच्या तोंडापाशी फळी घेऊन. पंपाचा दांडा अडकला तर इंजिन बेफाम पळतं, तेव्हा डिझेल बंद करून थांबत नाही. फळीने हवा बंद करायची. डीकॉम्प्रेशनही (सिलिंडरमधला दाब) सोडायचं. प्रेक्षक पहिल्या दिवशी नकोत.

लाईन शाफ्ट. बॅबिट पुन्हा ओतायच्या आधी बेअरिंगचे दोन भाग उघडून बघा, मध्ये पत्र्याच्या पातळ पट्ट्या असतात. झीज थोडी असेल तर एक पट्टी कमी केली की काम भागतं. दोन इंची शाफ्टला इंचाचे दोन सहस्रांश (०.००२ इंच) मोकळीक ठीक. ओतायचंच असेल तर घर तापवून पूर्ण कोरडं करा. पाण्याचा एक थेंब राहिला तर वितळलेली धातू स्फोटासारखी उडते. हे काम श्रमदानात नको. ओतल्यावर शाफ्टला निळा रंग लावून फिरवा, जिथे निळं लागेल तिथे खरवडा. तिन्ही बेअरिंग एका ओळीत आहेत का ते ताणलेल्या तारेने आणि पाण्याच्या नळीने बघा. मात्र छताचं काम पूर्ण झाल्यावर. शाफ्ट कैच्यांना लटकलेला असेल तर कवेलू चढल्यावर कैची बसते आणि आधी जुळवलेली ओळ चुकते. छप्पर आधी म्हणायचं माझं कारण हे, पावसाचं नाही.

कप्प्यांचा हिशोब. २४ इंची दगडाला २३०-२४० फेरे पुरेत. इंजिनावर ९ इंची कप्पी, शाफ्टवर २४ इंची: ६५० गुणिले ९ भागिले २४, म्हणजे २४४. पट्टा दोन टक्के घसरतो, राहिले २३९. शाफ्टवरून चक्कीला सारख्या मापाच्या कप्प्या, आणखी दोन टक्के गेले, २३४. बरोबर. पट्ट्याची लांबी: दोन्ही केंद्रांत ३ मीटर अंतर असेल तर दुप्पट अंतर ६ मीटर, अधिक दोन्ही व्यासांच्या बेरजेची १.५७ पट, अधिक व्यासांतल्या फरकाचा वर्ग भागिले चौपट अंतर. येतं ७.३३ मीटर. ताणासाठी दोन-तीन सेंटिमीटर कमीच कापा. चामड्यापेक्षा रबर-कॅनव्हासचा पट्टा आपल्या हवेत टिकतो. सैल बाजू वर ठेवा, म्हणजे कप्पीला जास्त कवळतो. पट्टा एका बाजूला पळत असेल तर खिळे किंवा फळी लावून अडवू नका, कप्प्या समांतर नाहीत.

महालकर

तपासलं. शाफ्टचे दोन हँगर कैचीला आहेत, एक भिंतीत. रस्ता जोत्यापेक्षा चार बोटं वर आहे. काच आज लावली. दगडाबद्दल कुणी सांगेल का? वरची पाळू उचलली तेव्हा खाली दगडाचा चुरा आणि उंदरांची घरटी निघाली. एकाने सुचवलं की एमरीच्या (कृत्रिम) दगडांची तयार जोडी बसवून टाका, कटकट नको.

टाकीवाला

एमरीची जोडी बसवली तर चक्की चालेल, पण मग जुनी चक्की दुरुस्त केली असं म्हणू नका. शिवाय एमरीचे दगड मॅग्नेसाईटच्या मसाल्यात बांधलेले असतात, ओल त्यांना सोसत नाही. जुन्या दमट खोलीत त्यांची धार लवकर मरते. आहे तो दगड आधी तपासा.

पाळू आणि तळी (खालचा दगड) दोन्ही स्वच्छ करून लाकडी हातोडीने वाजवा. घंटेसारखा नाद आला तर आतून चीर नाही. काळ्या दगडात पांढरे ठिपके किंवा भोकं दिसतात का बघा. आपल्या भागातल्या काळ्या दगडात पांढऱ्या खनिजाच्या गाठी असतात, त्या दळताना सुटून पिठात खर येते. एखाद-दुसरी असेल तर टाकीने (दगड घडवायच्या छिन्नीने) काढून जागा उताराने मोकळी करा, सगळीकडे असतील तर ती जोडी फक्त दाखवण्यापुरती. पाळूभोवतीचा लोखंडी पट्टा गंजून पातळ झाला असेल तर नवा गरम करून चढवा. २४ इंची दगड २३४ फेऱ्यांना काठाशी सेकंदाला साडेसात मीटर वेगाने जातो, फुटला तर भिंतीपर्यंत जाईल. बाहेरून लाकडी पेटी किंवा पत्र्याचं कडं पाहिजेच.

मग सपाटी. सरळ, न वाकलेली लाकडी पट्टी घ्या, तिला पाण्यात कालवलेला गेरू लावा आणि दगडावर सर्व दिशांना फिरवा. जिथे लाल लागलं ते उंचवटे. तेवढेच टाकीने उतरवा, पुसा, पुन्हा पट्टी फिरवा. लाल ठिपके सगळीकडे सारखे पसरेपर्यंत. पहिल्यांदा तीन-चार दिवस जातात, घाई केली तर सगळं पुढचं वाया. काठाकडची चार-पाच इंचांची कडी पूर्ण सपाट हवी. मध्याकडे दोन्ही दगडांत फट किंचित वाढत जावी: काठाशी पातळ कागद अडेल एवढी, मध्याशी पुठ्ठ्याएवढी. मध्यालाच दगड टेकले तर दाणा आत ओढला जात नाही, तिथेच चिरडून तापतो.

खाचा. एक कड उभी, सहा मिलिमीटर खोल, दुसरी कड उताराने वर येऊन सपाटीला मिळणारी. दोन्ही दगड समोरासमोर ठेवले की खाचा कात्रीच्या पात्यांसारख्या एकमेकींना छेदल्या पाहिजेत. दोन्ही दगडांवर तोंड वर करून पाहिलं तर खाचा एकाच दिशेला झुकलेल्या दिसतात, कारण वरचा उलटा होतो. इथे चूक झाली तर पीठ बाहेर न येता मध्याकडे ढकललं जातं. टाकीचे घाव खाचेच्या उताराला समांतर आणि जवळजवळ. लांब, खोल घाव नकोत.

पाळू मधल्या उभ्या दांड्यावर तोलून बसते. जात्यात माकडी करते तेच काम इथे लोखंडी आडवी पट्टी करते. पाळू उचलून सोडा आणि हाताने फिरवा, एक बाजू कायम खाली जात असेल तर हलक्या बाजूला शिशाचा तुकडा भोकात बसवून तोला. तोल न साधता चालवली तर एका बाजूने पीठ, एका बाजूने भरडा.

रिकामी चक्की कधीच फिरू देऊ नका. दाणा संपला की दगडाला दगड लागतो, ठिणगी पडते आणि खोलीत पिठाची धूळ तरंगत असते. हॉपरमध्ये पट्ट्याला घंटा बांधण्याची जुनी युक्ती आहे: दाण्याचं ओझं पट्टा दाबून ठेवतं, दाणा उतरला की पट्टा सैल होऊन घंटा फिरत्या पाळूला लागते. किरकोळ खर्चात होते, नक्की करा. हॉपरच्या तोंडाशी चुंबकही बसवा. खिळा दगडात गेला तर तुमची चार दिवसांची टाकी गेली.

पहिले पंधरा-वीस किलो हलका गहू दळून टाकून द्या, गुरांनाही नको, त्यात दगडाची खर असते. नंतरचं पीठ बोटांत चोळा आणि दातांखाली थोडं घ्या, करकर लागली तर अजून पाच किलो. पीठ हाताला कोमट लागणं ठीक, चटका बसला की दाणा कमी सोडा किंवा फट वाढवा. त्याने भागलं नाही तर टाकी बोथट झाली. नुसत्या तासांवर ठरवू नका, तापमान आणि पोत बघा.

पावती-पुस्तक

पैशांचं आणि कागदांचं थोडक्यात. जागेची आखीव पत्रिका (शहरातल्या जागेचा मालकी उतारा) काढा. शहर भूमापनातल्या जागेला सहसा सातबारा नसतो. जागा नझूलची (सरकारी मालकीची) असेल तर भाडेपट्ट्याच्या अटी आणि मुदत बघा, नाहीतर लाखो रुपये घातल्यावर कागद आडवा येतो. मालकांशी तोंडी बोलणं पुरेसं नाही. एक वर्षाच्या वरचा भाडेपट्टा नोंदवावाच लागतो, आणि किमान दहा-पंधरा वर्षांचा नसेल तर मोठा देणगीदार हात घालत नाही. यंत्रं मालकांची राहणार की संस्थेची होणार, नवे सुटे भाग कुणाचे, हे त्याच कागदात लिहा. इमारत वारसा यादीत आहे का ते महापालिकेच्या वारसा संवर्धन समितीकडे विचारा. असेल तर दुरुस्तीलाही त्यांची संमती आधी.

मंडळ नोंदलेलं नसेल तर वर्गणी गोळा करण्यासाठी महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ४१ क खाली धर्मादाय आयुक्तांची परवानगी घ्या. गणेश मंडळं घेतात तीच. दीर्घ कामासाठी मात्र स्वतंत्र नोंदणीच बरी, सात सभासदांत होते. देणगीदाराला आयकरात सवलत देणारी मान्यता (८० जी म्हणून ओळखली जाणारी) मिळाली तरी २,००० रुपयांवरची रोख देणगी सवलतीत धरत नाहीत, तेव्हा मोठी रक्कम बँकेतूनच घ्या. खातं फक्त याच कामाचं, सही दोघांची.

वर्गणी कामाच्या टप्प्यांवर मागा. नालीचा टप्पा, कैच्यांचा, कवेलूचा. "चक्कीसाठी द्या" म्हटलं की शंभर येतात. "दहा कवेलू तुमची" म्हटलं की तोच माणूस विचारून जास्त देतो, कारण त्याला मोजता येतं. कवेलूच्या खालच्या बाजूला गेरूने नाव लिहून द्या, आतून वर बघितलं की दिसतं. वस्तूंची देणगी घ्या, पण यादी देऊन घ्या. यादी नसेल तर अर्धी सिमेंटची पोती आणि ऑइल पेंटचे डबे येतील. दर महिन्याच्या एक तारखेला जमाखर्च चक्कीच्या दारावर लावा.

श्रमदानात: जुन्या विटांवरचा मसाला खरवडणं, कवेलू वाजवून वेगळी करणं, वाळू चाळणं, प्रत्येक भागाला क्रमांक लावून फोटो काढणं. छतावर चढणं, चुना विझवणं, बॅबिट आणि इंजिनची पहिली सुरुवात, या चार गोष्टींत हौशी माणूस नको. नागपुरात गिरणी म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर एम्प्रेस मिल ही जुनी कापडगिरणी येते. १ जानेवारी १८७७ ला सुरू झालेल्या त्या गिरणीच्या जागेवर आज मॉल आहे. तुमच्या पत्रकात एक ओळ त्यावर लिहिली तरी लोक थांबून वाचतात.

पट्टा-कप्पी

पोरांसाठी एक मधला मार्ग. इंजिन तसंही दुरुस्तीला बाहेर काढावं लागणार. छप्पर चालू असताना ते धुळीत ठेवण्यापेक्षा वर्कशॉपमध्ये न्या, तयार झाल्यावर जड लाकडी सांगाड्यावर बोल्टने बसवून, पट्टा न लावता, दोन्ही फ्लायव्हीलना जाळी घालून सार्वजनिक जागी वीस मिनिटं चालवा. तान्ह्या पोळ्याला गल्लीत गर्दी असतेच, तिथेच पावती-पुस्तक ठेवा. इंजिनाचे पैसे वेगळे जमवा, छपराच्या खात्याला हात लावू नका. सांगाडा हलका केलात तर एक सिलिंडरचं इंजिन चालत-चालत गर्दीत जाईल. १५० मिलिमीटर चौरस साग किंवा बाभूळ, खाली रबर, आणि चारही कोपरे जमिनीत रोवलेले.

महालकर

ठरलं. दसऱ्याला चुना भिजवतोय आणि नाली खोदतोय, दोन्हींना मिळून आहे तो पैसा पुरेल. कैच्यांसाठी अभियंत्याला बोलावलंय. चुनाघाणी, एक राहिलं: जोत्याच्या आत फरशी शहाबादी आहे आणि तिच्याही सांध्यात सिमेंट आहे. ती उचलायची का?

चुनाघाणी

भिंतीपासून एक फुटाची रांग उचला, बाकी राहू द्या. त्या फुटात खडी आणि वर चुना-सुरखीत फरशी परत बसवा, म्हणजे खालची ओल भिंतीत न चढता तिथून निघेल. उचलताना फरशांवर खडूने क्रमांक लिहा. इंजिनाच्या पायाखालच्या फरशीला हात लावू नका, खाली पाया किती खोल आहे ते आधी एका कोपऱ्यात खणून बघा.